म्हातारे उंदीर

माझ्या पिंजऱ्यांना लॅबमध्ये सगळे वृद्धाश्रम म्हणतात. हसा म्हणावं! लसीच्या प्रयोगाला सगळे कोवळे, टुणटुणीत उंदीर घेतात. मी मात्र सांभाळून सांभाळून म्हातारे केलेलेही घेते. कारण ज्या न्यूमोनियावर एकही अँटिबायोटिक चालत नाही, तो काय कॉलेजच्या पोरांना गाठतो? तो गाठतो माझ्या सासूबाईंसारख्यांना. दोनदा त्या त्यातून उठल्या. तिसऱ्यांदा कठीण आहे, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय.

कोवळ्या उंदरांत आमची लस झकास चालली. सर तर हवेतच! पैसे देणारी मंडळी येणार, त्यांनी मान डोलावली की माणसांवर चाचणी सुरू. आणि नेमके तेव्हाच माझे म्हातारे गेले. जंतू दिल्यावर लस टोचलेले आणि न टोचलेले, सगळे सारखेच मेले. मी पिंजऱ्यापाशी उभी राहून रडले, खोटं कशाला बोलू?

"हे आत्ता दाखवायचं नाही," सर म्हणाले. "आधी मंजुरी मिळू दे, मग बघू तुमच्या आजोबांचं."

"सर, लस आजोबांसाठीच आहे!"

"आणि प्रकल्प गुंडाळला तर?"

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. "कधी टोचतेस गं मला?" मी सरळ सांगून टाकलं, की ही टोचली काय आणि पाणी टोचलं काय, तुम्हाला एकच. त्या खोकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या सरांनाच टोच ती."

बैठकीत मी म्हाताऱ्यांचा आलेख लावला. सर लालबुंद.

"म्हणजे लस फसली?" पैसे देणाऱ्यांच्या प्रमुख बाईंनी विचारलं.

"ही फसली. म्हातारं शरीर तिला दाद देत नाही. ते जागं होईल असं काहीतरी तिच्यात घालावं लागेल. वेळ द्या. नाही दिलात तरी मी सोडणार नाही."

माणसांवरची चाचणी सुरू झालीच नाही. निम्मी माणसं दुसरीकडे गेली, सरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी नवे उंदीर म्हातारे करायला घेतले.

सासूबाईंना तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला तेव्हा मी त्यांच्या खाटेजवळ हात धरून बसले होते. त्यांनी मास्क बाजूला सारला.

"झाली का लस?"

"नाही हो आई अजून."

"मग इथे काय बसलीयेस? ऊठ, कामाला लाग."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्यांचा मास्क नीट बसवला आणि लॅबला गेले.