तीनचा खेळ, चष्मेवाल्यांच्या घरी

चष्मेवाल्याकडे सिनेमांच्या तीनशे बारा डिस्क होत्या आणि त्यांतला एकही सिनेमा त्याने शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे, घरी येऊन डिस्क लावायची, वाक्य निसटलं की मागे घ्यायचं, फोन आला की थांबवायचं आणि थांबलेल्या चित्रासमोर जेवून झोपायचं, असा त्याचा क्रम होता.

"थेटरात असं थांबवता येतं का?" तो बायकोला छाती फुगवून विचारायचा.

"नाही येत. म्हणून तर तिथे सिनेमा संपतो," ती म्हणायची.

अकरा वर्षं हेच चाललं होतं. शेवटी घरीच राहणाऱ्या सासूबाई वैतागल्या. "एकदा थेटरच घरी आणा, जावईबापू. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

त्याने ते मनावर घेतलं. दुकानातल्या खुर्च्या घरी वाहून आणल्या, शेजाऱ्यांना रविवारी दुपारी तीनची वेळ दिली. त्याच आठवड्यात थेटरातला बॅटरीवाला, म्हणजे अंधारात बॅटरी मारून लोकांना जागा दाखवणारा, काच बदलायला दुकानात आला. रविवारी त्याची सुट्टी होती. चष्मेवाल्याने त्यालाही पाहुणा म्हणून बोलावलं.

बॅटरीवाला अडीचलाच हजर झाला, पितळी बटणांचा कोट घालून. सुट्टी असली तरी माणूस कामाचा पक्का. त्याने खडूने खुर्च्यांवर आकडे घातले, खिडक्यांवर चादरी टांगल्या, डोळ्यांच्या नंबराच्या कोऱ्या चिठ्ठ्यांची तिकिटं केली आणि दारात उभा राहून ती अर्धी अर्धी फाडू लागला. सासूबाईंचा दंड धरून त्याने त्यांना त्यांच्याच बैठकीच्या खोलीत पाच पावलं चालवत नेलं. त्या हरखून गेल्या.

सिनेमा सुरू झाला. दहाव्या मिनिटाला एक वाक्य निसटलं, म्हणून चष्मेवाला मशीनकडे गेला. बॅटरीचा झोत थेट तोंडावर आला.

"मशीनला हात लावायचा नाही, साहेब."

"अहो, मशीन माझंच आहे."

"शू!" अंधारातून कुणीतरी दटावलं. आवाज बायकोचा होता.

तो तणतणत स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आला, तर बैठकीचं दार बंद. बॅटरीवाला बाहेर उभा.

"अर्धं तिकीट दाखवा."

"मी यजमान आहे. मला कसलं तिकीट?"

"सगळे असंच म्हणतात," बॅटरीवाला शांतपणे म्हणाला.

तेवढ्यात जिन्यावरून तीन अनोळखी माणसं आली. "सुरू झाला का?" त्यांनी विचारलं. बॅटरीवाल्याने त्यांना चिठ्ठ्या दिल्या, फाडल्या, आत सोडलं. मग चष्मेवाल्याकडे वळून दिलगिरीने म्हणाला, "आता हाउसफुल्ल."

आत हशा पिकला. चष्मेवाला स्वतःच्या घरात चपलांशेजारी उभा होता. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. पायात चपला सरकवून तो तडक थेटरात गेला.

तिथे चारशे खुर्च्यांत तो एकटा. पडद्यावर बाई काहीतरी पुटपुटली आणि त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जरा मागे घ्या हो!"

वरच्या झरोक्यातून मशीनवाल्याने डोकं काढलं. "कुठपर्यंत?"

"ती दार उघडते तिथपर्यंत."

चित्र मागे गेलं. मग काय, चष्मेवाला सुटलाच. दोनदा मागे, एकदा पुढे. मशीनवाल्यालाही सोबत हवीच होती. मधेच सिनेमा थांबवून तो खाली आला, चष्मेवाल्याच्या शेजारी बसला आणि दोघांनी थांबलेल्या चित्रासमोर मनसोक्त गप्पा मारल्या. एकाची पाठ दुखत होती, दुसऱ्याच्या सासूबाई फितूर झाल्या होत्या. सिनेमा अर्धाच राहिला, पण चष्मेवाल्याची दुपार अशी मजेत गेली की विचारता सोय नाही.

तो परतला तेव्हा त्याच्या जिन्यावरून माणसं उतरत होती, डोळे पुसत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. एका अनोळखी गृहस्थाला त्याने विचारलं, "कसा होता?"

"पाहिला नाहीत?" गृहस्थ हळहळला. "अहो, घरात काय बसून राहता! कधीतरी बाहेर पडत जा. ही जागा फार छान आहे."

वर बायको खुर्च्यांचे आकडे पुसत होती. कितीतरी वर्षांत तिचा चेहरा त्याने इतका मोकळा पाहिला नव्हता. "शेवट काय होता गं?" त्याने हळूच विचारलं.

"तो काय सांगायचा असतो?" ती म्हणाली. "पुढच्या रविवारी हाच खेळ आहे. रांगेला मात्र लवकर लागा. आईलाच आज मागची जागा मिळाली."

पुढच्या रविवारी दोन वाजता चष्मेवाला घरातून बाहेर पडला, दार ओढून घेतलं आणि त्याच दारासमोर, रांगेत पहिला उभा राहिला.