चौथा पाय

आखातातल्या बौशरच्या सुतारखान्यात शरीफ परकारला तेवीस वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची आठ तो 'या वर्षी जातोच' म्हणत होता. अर्बाब, म्हणजे मालक, वाईट नव्हता. वाईट असता तर भांडून तरी सुटता आलं असतं. हा खांद्यावर हात ठेवायचा, खजूर पुढे करायचा आणि म्हणायचा, "एवढी एक ऑर्डर होऊ दे. मग खलास, जा घरी. इन्शाल्ला."

रत्नागिरीहून बायको, कुबरा, फोनवर करवादायची, "त्या इन्शाल्लानं माझे कान पिकले. त्याला बोला, एक तारीख दे."

२०१४ च्या मार्चात तारीख मिळाली. एका ऑफिससाठी डेन्मार्कहून बारा जुन्या खुर्च्या येणार होत्या. नुसतं पॉलिश मारायचं. त्या गेल्या की तीस तारखेला शरीफचा व्हिसा रद्द आणि हातात तिकीट.

खुर्च्या आल्या. लाकडाचं एकच पातळ पान वाकवलेलं, कमरेत मुंगीसारखं बारीक, खाली स्टीलचे पाय. शरीफने मोजले. तीन. दुसरी उचलली. तीन.

"नूरुद्दीन, चौथे पाय खोक्यात ऱ्हायले काय, बघ रे."

नूरुद्दीन पॉलिशवाला, रायगडकडचा, जिभेला हाड नसलेला. खोक्यात डोकं घालून म्हणाला, "नाय चाचा. कस्टमवाल्यांनी ठेवून घेतले असतील, एकेक तंगडी."

त्या ऑफिसचं काम बघणारी इंजिनियर बाई, भावना मेश्राम, आठवडाभर सोहारच्या औद्योगिक वसाहतीत अडकलेली. विचारायचं कोणाला? आणि विचारत बसलं तर तीस तारीख निघून जायची. शरीफ एवढंच म्हणाला, "तीन तिघाडा, काम बिघाडा. उद्या कोण आपटला तर परत दुरुस्ती, परत इन्शाल्ला." तीन दिवस खपून त्याने बारा पाय वाकवले आणि प्रत्येक खुर्चीच्या बैठकीतून आरपार बोल्ट ठोकून बसवले.

भावना सोहारहून आली. नागपूरची. ऑफिसची सगळी सजावट तिच्याकडे होती. खुर्च्या बघून ती फळ्यांच्या थप्पीवर बसलीच.

"शरीफचाचा, काय केलंत हे?"

"पाय लावले, बाय. कमी होते."

"कमी नव्हते हो! त्याने तीनच दिले होते!"

"कोणी?"

मग तिने सांगितलं. आर्ने याकबसन. आर्किटेक्ट. हॉटेल बांधलं तर दाराच्या मुठीपासून काट्याचमच्यापर्यंत सगळं स्वतः आखणारा. १९५२ मध्ये एका औषध कंपनीच्या कँटीनसाठी ही खुर्ची केली. लोक म्हणाले, चौथा पाय दे. जिवंत होता तोवर दिला नाही. चार पायांची निघाली ती तो गेल्यावर.

"मेलाय ना आता?" नूरुद्दीन म्हणाला. "मग चाचांचं बरोबरच हाय."

शरीफ हसला नाही. "मरेपर्यंत सुटला नाय म्हणा त्याचा पण काम."

भावनाने कपाळ चोळलं. "चार दिवस मी गप्प बसते. पाय काढून भोकं बुजवता येतील?"

ती गेल्यावर नूरुद्दीन जवळ सरकला. "चाचा, बुजवू नको. बुजवलीस तरी ओबडधोबड बुजव. डोळे गेले, हात गेला म्हण. अर्बाब स्वतः विमानात नेऊन बसवील."

शरीफला ते पटलं. मुद्दाम वाकडंतिकडं करायचं ठरवूनच त्याने पटाशी उचलली. पण हात ऐकेना. लाकडाची रेघ दिसली की बोटं आपोआप तिच्याच रंगाचा, तिच्याच रेघेचा तुकडा शोधायची. एक भोक बिघडवायला घेतलं आणि दुपारपर्यंत ते साफ बुजलं. दुसऱ्याचं तेच. बारावं बुजलं तेव्हा नूरुद्दीनने हात जोडले. "चाचा, तुला साधा खराब काम पण जमत नाय?"

एकोणतीसला अर्बाब आला. भावना गप्प होती. शरीफच्या मनात आलं, असं काम बघून हा परत 'एक ऑर्डर' म्हणणार; आता बोललो नाही तर संपलं.

"अर्बाब, ऐका. चूक झाली. या खुर्च्यांना मी भोकं पाडली. बारा. माझा डोका आता चालत नाय. मला पाठवा."

अर्बाब दचकला. त्याने एक खुर्ची दारात उन्हाला नेली, बैठकीवरून अंगठा फिरवला. "कुठे?"

"इथंच." शरीफने चष्मा लावला. पहिली बघितली. दुसरी उलटी केली. तिसरीवर नख फिरवलं. "होता रे... इथंच होता." पाचव्या खुर्चीपर्यंत त्याला घाम फुटला. त्याची स्वतःची चूक त्यालाच सापडेना.

अर्बाब डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "माशाल्ला! हा हात मी घरी पाठवू? वेडा आहेस? दोन वर्षं, शरीफ. आणखी दोन." खांद्यावर हात ठेवला, आणि फोन काढून व्हिसाचं बोलत बाहेर गेला.

शरीफ तिथल्याच खुर्चीवर बसला. ती किंचित कलली.

"पाय जमिनीला टेकवून बसा, चाचा," भावना हळूच म्हणाली. "तसंच बसायचं असतं हिच्यावर. तिचे तीन, आपले दोन."

त्याने पाय टेकवले. खिशात फोन वाजला. कुबरा.

"तिकीट झाला?"

"नाय झाला." त्याने बैठकीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "खुर्च्या मात्र फार चांगल्या झाल्या."