मास्तरांचा उजवा गाल

कैचीची दारू सोडवायचं काम दोन बायकांनी अंगावर घेतलं होतं, आणि दोघींचंही म्हणणं होतं की ते आपण एकटीच करतोय.

कैची म्हणजे आमच्या चौकातला न्हावी. एके काळी हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. मग हाताला कंप सुटला. केस कापायला लोक येत राहिले, पण दाढीला समोरच्या सलूनमध्ये जायला लागले. हिशोब सरळ होता. केस बिघडले तर टोपी घालता येते, गळ्यावर काय घालणार? बायकोनं वस्तरा कपाटात कुलूपबंद केला आणि नवऱ्याला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली आणि दोघांनाही बजावलं, "हिच्यावर दारू प्यायलात तर चेहरा लालभडक होईल, छाती धडधडेल, उलट्या होतील. जिवावरही बेतू शकतं."

तेव्हापासून बायको रोज सकाळी समोर उभी राहून गोळी द्यायची आणि मग म्हणायची, "आता बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. गोळी गालात नाही एवढं कळलं की पुरे."

कैची मग हवापाण्यावर बोलायचा. लग्नानंतर इतकं बोलणं पहिल्यांदाच होत असल्यानं दोघांनाही त्याची गोडी लागली.

दुसरी बाई म्हणजे कैचीची थोरली बहीण, ताई. तिचा विश्वास मुळ्या, साली आणि स्वतःवर. "गोळीनं दारू सुटते रे, दारूची आठवण सुटत नाही," असं म्हणून तिनं आधी पुड्या दिल्या. त्या त्याच्या घशाखाली उतरेनात, म्हणून एक छोटी बाटली आणून दिली. "मन चळलं की दोन चमचे. आणि बायकोला सांगू नकोस. तिला वाटेल, मी श्रेय लाटायला आले." ती त्यासाठीच आली होती, हे सांगायला नको.

हाताचा कंप थांबला, चेहऱ्यावर रंग परतला, आणि डॉक्टरांनी मान डोलावली तशी बायकोनं वस्तरा परत दिला. देताना म्हणाली, "एकदा जरी घेतलीत, तर हा समोरच्या सलूनवाल्याला देऊन टाकीन. खुर्चीसकट."

वस्तऱ्याखाली गळा द्यायला पहिले आले ते निवृत्त हेडमास्तर. आयुष्यभर नापास मुलांना पुन्हा परीक्षेला बसवत आलेला माणूस. खुर्चीत मान टाकत म्हणाले, "कैची, चालव. फार विचार करू नकोस."

डावा गाल सुरेख झाला. आता गळा. समोरच्या सलूनच्या दारात दोन माणसं काम सोडून बघत उभी. कैचीला घाम फुटला, तोंडाला कोरड पडली, आणि जुनी आठवण झाली. त्यानं निमूटपणे आरशामागे ठेवलेली ताईची बाटली पहिल्यांदाच उघडली, नाक दाबून दोन चमचे कडूजहर औषध घशाखाली लोटलं आणि ब्रश घेऊन पुन्हा फेस करायला लागला.

फेस होतो न होतो तोच कान तापले. चेहरा लालबुंद झाला, छातीत ढोल वाजायला लागला. त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि मोरीकडे धावला.

समोरून कोणीतरी म्हणालं, "झालं. पुन्हा सुरू."

बायको आली तोवर तो जमिनीवर बसला होता. तिनं चेहरा पाहिला आणि तिचा स्वतःचा उतरला.

"घेतलीत ना?"

"नाही गं. शपथ."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच सगळं झालंय. आता शपथा कशाला?" तिनं वस्तरा मिटून कनवटीला लावला.

"वहिनी, भांडण नंतर," मास्तर गळ्यात टॉवेल अडकवलेलेच उठले. "आधी दवाखाना."

डॉक्टरांनी त्याला झोपवलं, नाडी आणि रक्तदाब पाहिला, सुई दिली. थोडा उतार पडल्यावर विचारलं, "सकाळपासून पोटात काय काय गेलं?"

"चहा. पोळी. गोळी." कैची जरा थांबला. "आणि ताईचं औषध. पण ते मुळ्यांचं आहे, त्यात काही नसतं."

बातमी ऐकून ताई तोवर दारात पोचलीच होती. डॉक्टरांनी बाटली मागवून हुंगली. "मुळ्या कशात भिजवल्यात?"

"ती बाटली नाही का, यांना कोणी भेट दिलेली. आमच्याकडे कोणी पीत नाही, नुसती पडून होती. पाण्यात मुळ्या नासतात हो."

"म्हणजे दारूत."

"औषधात घातल्यावर ती दारू कुठली राहते?" ताई ठसक्यात म्हणाली. मग भावाच्या चेहऱ्याकडे बघून खुर्चीत बसली. "अरे देवा. सुधारायला निघाले आणि मीच पाजली."

"तरी म्हटलं," ताईचा नवरा मागून म्हणाला, "गुडघ्याला दिलंस तेव्हा मला गाणी कशी सुचत होती."

मास्तर आधी हसले. मग डॉक्टर. बायकोला हसू आलं, पण तिनं ते आवरून नणंदेकडे पाहिलं.

"वन्सं, मला एकदा विचारायचंत तरी."

"गोळीवर दारू चालत नाही, हे तू मला सांगितलंस का?"

बायकोनं पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. मग ताई म्हणाली, "सकाळी तू देतेसच. संध्याकाळी दुकान बंद झालं की मी येऊन बसते. नुसती. बाटलीशिवाय."

"या की. दोघींनी मिळून त्यांना बोलायला लावू."

"आणखी बोलायचं?" कैची कण्हला.

डॉक्टरांनी बजावलं, "मला न विचारता चमचाभरही काही नको. दुकानातलं दाढीनंतरचं लोशनही बंद, त्यातही तेच असतं. तुरटी वापर. आणि आज वस्तऱ्याला हात लावायचा नाही."

म्हणजे मास्तरांचा उजवा गाल तसाच राहिला. चौकातून घरी जाताना समोरच्या सलूनवाल्यानं अदबीनं खुर्ची पुढे केली. "सर, या. पुरी करून देतो."

"नको. या गालाचा न्हावी आजारी आहे," मास्तर म्हणाले, आणि तसेच भाजी घ्यायला गेले. अख्ख्या बाजारानं त्यांना डावीकडून ओळखलं, उजवीकडून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तेव्हा ते पायरीवरच बसलेले होते. बायकोनं कनवटीचा वस्तरा सोडला, पदरानं पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

कैचीनं मास्तरांची मान हलकेच मागे टेकवली आणि गळ्यापासून सुरुवात केली. गालापर्यंत पोचला तेव्हा मास्तर घोरत होते.