फिकट पडलेली फिल्म

डोंबिवलीच्या एमआयडीसीत ॲसिडच्या टाक्यांना आतून टेफ्लॉनचं अस्तर लावणारं एक छोटं वर्कशॉप आहे. योगिनी तिथे माल तपासते. टेफ्लॉनला काहीच चिकटत नाही, म्हणून त्याच्या पातळ फिल्मच्या एका बाजूवर रासायनिक प्रक्रिया करतात. ती बाजू तपकिरी होते आणि तीच गोंद धरते. ऊन लागलं किंवा फार दिवस पडून राहिली, की तिची पकड जाते.

सोमवारी सकाळी तिला स्टोअरमध्ये उरलेला रोल दिसला. वरची काळी पिशवी फाटलेली, खिडकीचं ऊन थेट अंगावर. तपकिरी रंग फिका पडला होता. तिने एक पट्टी लोखंडावर चिकटवली. दुपारी नखाने उचलली, तर सालीसारखी निघून आली.

 याच रोलचं अस्तर लावलेली टाकी गेल्या आठवड्यात ठाण्याला गेली होती. घाईत तिने फक्त छिद्रं तपासली होती, पकड नाही. कागदावर सही तिचीच.

"आधी खात्री कर," मालक ऋतुराज म्हणाला. "उगाच आपलीच बदनामी."

"तोवर ते टाकी भरतील, सर."

तिने ठाण्याच्या कारखान्यातल्या सुपरवायझर दौलतकाकांना फोन लावला.

"काका, ती नवीन टाकी भरू नका."

"सकाळीच भरायला घेतली, मॅडम. अर्धी झालीय. दोघं खाली व्हॉल्व्हपाशी आहेत."

"त्यांना आधी बाहेर काढा. पंप बंद करा. कारण मी येऊन सांगते."

शीळफाट्याला रिक्षा अडकली. त्या दोघांची नावंही आपल्याला माहीत नाहीत, हे तिच्या डोक्यातून जाईना. माजिवड्यापर्यंत तिने तीनदा फोन लावला. कुणी उचलला नाही.

गेटवर दौलतकाका उभे होते. मागे दोन माणसं चहा पीत बसलेली. तिला एकदम रडू आलं.

ॲसिड जुन्या टाकीत काढून घेतल्यावर काकांनी झाकणातून बॅटरी मारली. तळाच्या जोडाशी फिल्म पुरीसारखी फुगली होती. बाहेर त्याच जागी वेल्डिंगमधून ओल झिरपत होती.

"संध्याकाळपर्यंत फुटली असती," काका हळूच म्हणाले.

"चूक माझी आहे. मी लिहून देते."

तिने तिथेच कागदावर लिहून सही केली. मग तिने मोहने गावातल्या दुसऱ्या कारखान्यात फोन केला. त्याच रोलचं अस्तर लावलेली दुसरी टाकी तिथे होती. ती अजून कोरडीच होती.