लाल टोपलीवरचा आळ

मित्रांनो, मी एक टोपली आहे. प्लॅस्टिकची, लाल रंगाची, आणि खरे सांगायचे तर आता बरीच म्हातारी. माझा एक कान तुटला आहे, तिथे सुतळी बांधली आहे. पण सांगण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ आहे.

कारखान्यात गरम साच्यातून मी बाहेर पडले, तेव्हा माझ्याबरोबर एक हिरवी बहीणही जन्मली. आम्हा दोघींना एकात एक घालून भांड्यांच्या दुकानात टांगून ठेवले होते. तिथून एका बाईंनी आम्हाला उचलले. त्या विशेष मुलांच्या शाळेत शिकवत. या मुलांपैकी कुणाला बोलायला वेळ लागे, कुणाला गोंगाट सोसत नसे, कुणाला एकच गोष्ट शंभरदा विचारावीशी वाटे. बाई शंभरदा उत्तर देत.

बाईंचा एक जेवणाचा तास असे. वर्गाला लागूनच स्वयंपाकघर होते आणि तिथला नळ मुलांच्या उंचीचा होता. काय खावे, किती खावे, कसे चिरावे, हे मुले तिथे हातांनी शिकत. पहिल्याच तासाला बाईंनी आम्हा बहिणींना टेबलावर मांडले आणि सांगितले, "हिरव्या टोपलीतलं रोज खायचं. लाल टोपलीतलं कधीतरी." मग त्यांनी स्वतः काढलेली चित्रे वाटली. दूध, केळी, काकडी, अंडी हिरवीत गेली. वेफर्स, गोळ्या, चॉकलेट माझ्या वाट्याला आले.

आता मला वाईट वाटणार नाही का? अख्ख्या वर्गाचे डोळे माझ्याकडे, आणि मला हात लावायची मात्र बंदी. बहीण तर अशी तोऱ्यात राहू लागली की विचारू नका.

वर्गात बारा वर्षांची एक मुलगी होती. कुणाच्या चपला वाकड्या दिसल्या की ती सरळ करी. घंटा दोन मिनिटे उशिरा झाली तर मुख्याध्यापकांना जाऊन सांगे. स्वयंपाकघरातल्या मावशी तिला लाडाने इन्स्पेक्टर म्हणत. नियम तिला फार आवडत. खाण्याच्या बाबतीत मात्र तिचे जग छोटेसे होते. भात, दही, टोमॅटो आणि सफरचंद, बस्स. त्यातले टोमॅटो आणि सफरचंद खायला शिकवण्यात तिच्या आईची दोन वर्षे गेली होती.

चित्रे लावण्यात इन्स्पेक्टर पहिली आली. एकदाच तिने हिरव्या कागदातल्या चॉकलेटचे चित्र हिरव्या टोपलीत ठेवले. सगळे हसले, बाईही हसल्या, आणि तो विषय तिथेच राहिला.

तीन महिन्यांनी तिची आई शाळेत आली. हातातल्या डब्यात टोमॅटो आणि सफरचंदाच्या फोडी जशाच्या तशा होत्या.

"बाई, ती टोमॅटोला हात लावत नाही हो," आई म्हणाली. "सफरचंद दिलं तर ताट सरकवून देते. नुसत्या दहीभातावर अंगात ताकद राहिली नाही, जिना चढताना धाप लागते तिला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. माझं काय चुकलं तेच कळत नाही."

बाईंनाही उलगडा होईना. पुढच्या तासाला त्यांनी खरेच टोमॅटो आणि सफरचंदे आणली आणि हिरव्या टोपलीत ठेवली. इन्स्पेक्टर उठली. तिने एकेक फळ उचलून माझ्यात ठेवले.

"लाल," ती म्हणाली. "कधीतरी."

बाई खुर्चीवर बसल्या आणि चित्रांचा गठ्ठा चाळू लागल्या. त्यात लाल फळ किंवा लाल भाजी एकही नव्हती. त्यांचे लाल स्केचपेन वाळले होते, टोमॅटो आणि सफरचंद नंतर काढू म्हणून राहून गेले होते. लाल ते कधीतरी, असे समजून मुलीने बाईंचे शब्द न् शब्द पाळले होते. खोट शिकवण्यात होती.

माझे विचाराल तर मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझ्यामुळे एका लेकराच्या तोंडचा घास गेला होता.

"अगं, टोमॅटो रोज खाल्ला तरी चालतो," असे सांगून इन्स्पेक्टर ऐकणारी नव्हती. "नियम आहे," एवढेच ती म्हणे. शेवटी बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"नियम मी केला होता ना? तो चुकीचा होता. माझी चूक झाली."

मुलगी म्हणाली, "मग नवा लिहा."

बाईंनी मोठ्या कागदावर लिहिले, "टोपलीचा किंवा खाण्याचा रंग बघायचा नाही, आत काय आहे ते बघायचं. टोमॅटो आणि सफरचंद रोज खायचं." मुलीने तो कागद स्वतः भिंतीवर लावला आणि सरळ आहे ना, हे दोनदा तपासले. माझ्यातली चॉकलेटची चित्रे बाईंनी एका पाकिटात भरली. आता रोज टोमॅटो धुवून माझ्यात ठेवायचे काम इन्स्पेक्टरकडे आले.

पण कागद बदलला म्हणून जीभ लगेच बदलत नाही. तीन दिवस तिने टोमॅटो नुसते धुतले. मावशींना राहवेना, त्या भरवायला निघाल्या, तर बाईंनी त्यांचा हात धरला. "नको मावशी. तिचं तिला ठरवू द्या." मग एके दिवशी तिने एक फोड हुंगून पाहिली. आणखी दोन दिवसांनी ती ओठांना लावली आणि परत ठेवली. शाळा सुटताना आई दारात येऊन बाईंच्या चेहऱ्याकडे बघे, आणि बाई नकारार्थी मान हलवत. ते बघणे मला सोसत नसे.

अकराव्या दिवशी, आई दारात उभी असतानाच, मुलीने टोमॅटो चिरला आणि एक फोड तोंडात टाकली. ती खूप वेळ चावत राहिली. मग तिने दुसरी फोड घेतली, मग तिसरी. आई बाकावर बसली आणि रडू लागली.

"काय केलंत बाई तुम्ही?" तिने विचारले.

उत्तर मुलीनेच दिले, तोंडात घास असताना. "बाई चुकल्या होत्या. मी नियम बदलून घेतला."

"हो," बाई म्हणाल्या. "अगदी असंच झालं."

त्याला बरीच वर्षे झाली. शाळेत आता नवे तक्ते आले आहेत आणि मी कपाटावर धूळ खात पडून असते. त्याचे दुःख नाही असे मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, माझे एवढे एक ऐका. घरातले धाकटे भावंड किंवा शेजारी बसणारा मित्र ताट सरकवून देऊ लागला, तर त्याला हट्टी म्हणू नका. आपण त्याला काय सांगितले होते ते आधी आठवून बघा. आणि चूक आपली निघाली, तर त्याच्यासमोर बसून तसे म्हणा.