नॉर्व्हल हाउगेनचा महाभियोग

राज्याच्या प्रतिनिधिगृहाने नॉर्व्हल हाउगेनवर महाभियोग मंजूर केला, त्याच संध्याकाळी निम्मं गाव खिमा-बटाट्याची गरम भांडी घेऊन त्याच्या दारात उभं. कुणाच्या घरी माणूस गेलं की आमच्याकडे असंच करतात. नॉर्व्हल दारात येऊन म्हणाला, "अहो, मी अजून रस्ते आयुक्त आहे. नुसता आरोप ठेवलाय. पुरायचं की नाही ते सिनेट ठरवेल." भांडी मात्र ठेवून घेतली.

आरोप काही खोटा नव्हता. सरकारी डांबर त्याच्या तळ्याकाठच्या बंगलीपर्यंत गेलं होतं, आणि फार सुरेख गेलं होतं.

माझी थोरली बहीण आर्डिस सिनेटर. पहिल्या निवडणुकीत तिला घरोघर फिरवून लोकांशी बोलायला शिकवलं ते नॉर्व्हलनेच. पक्षही एकच. पण या खटल्यासाठी सिनेटरांना वेगळी शपथ घ्यावी लागते, निःपक्ष न्याय करू म्हणून. ती घेतल्यापासून बाई माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलत होती. नॉर्व्हलला पाडलं तर पक्ष तिला तिकीट देणार नाही, आणि वाचवलं तर ती स्वतःलाच तोंड दाखवू शकणार नाही, एवढं मला न बोलताही कळत होतं.

निकालाच्या दिवशी मी सज्जात पुढची जागा पकडली. शेजारी नॉर्व्हलची बायको इला, मांडीवर विणकाम. टाका एक पडत नव्हता. दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे छत्तिसांतली चोवीस. खाली एकेक नाव पुकारू लागले तशी मी बोटं मोजायला घेतली. माझी संपली तेव्हा इलाची घेतली. तिनेही दिली.

नावं अक्षरांच्या क्रमाने. आर्डिसने झेलिन्स्कीशी लग्न केलं आणि इंग्रजी वर्णमालेच्या पार शेपटाला जाऊन बसली. तिची पाळी आली तेव्हा 'दोषी' तेवीस झाले होते. सज्जात माणसं उठून उभी.

"सिनेटर झेलिन्स्की, आरोपी दोषी की निर्दोष?"

आर्डिस उठली, नॉर्व्हलकडे सरळ बघितलं, आणि म्हणाली, "दोषी."

एकच गलका. खटला चालवायला बसलेले राज्याचे सरन्यायाधीश हातोडा आपटत राहिले. नॉर्व्हल त्या क्षणी आयुक्त राहिला नाही. इला पुटपुटली, "मी सांगत होते, खडी टाक, खडी."

लोक निघालेच होते, तेवढ्यात दुसरा प्रश्न पुकारला: याला पुन्हा कधीच पद मिळू नये का? याला साधं बहुमत पुरतं. सगळे धडपडत जागेवर. पुन्हा नावं, पुन्हा गाडी आर्डिसपाशी अडलेली; तिने 'हो' म्हटलं की नॉर्व्हल जन्माचा घरी.

"नाही," आर्डिस म्हणाली.

बाहेर मी तिला गाठून विचारलं, हे काय केलंस? ती म्हणाली की खुर्ची काढून घेणं आमचं काम होतं, पुन्हा द्यायची की नाही ते लोकांनी बघावं.

तेवढ्यात नॉर्व्हल टोपी हातात घेऊन समोर. मी मध्ये सरकले. त्याने मला हलकेच बाजूला केलं आणि तिचा हात हातात घेतला.

"बरोबर केलंस पोरी. आता मी रिकामाच. पुढच्या वेळी तुझ्याच जागेवर उभा राहीन म्हणतो."

आर्डिसचे कान लाल झाले. मग ती हसली, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच.

"राहा की. पाडीन तुम्हाला."

इला गाडीतून भोंगा वाजवत होती, तरी दोघांपैकी कुणी आधी हात सोडेना.