तीन आवृत्त्यांतले ब्रुंग

शहापुरात अजयचं रंगांचं दुकान आहे, पण त्याचं खरं राज्य दुकानाच्या माळ्यावर, डिस्टेंपरच्या बादल्यांच्या मागे. तिथे एक टेबल, चार खुर्च्या आणि काचेच्या कपाटात 'ब्रॅमहोल्ड' या परदेशी खेळाची पहिली आवृत्ती. अजयच्या वडिलांच्या कानाला ते नाव 'ब्रह्महोल्ड' असं लागलं. पोरगा अध्यात्माकडे वळला म्हणून ते दसऱ्याला त्या कपाटालाही झेंडूची माळ घालतात. अजयने त्यांचा गैरसमज दूर केला नाही. माळ त्याला योग्यच वाटत होती.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार. एक जण मास्टर होतो आणि समोर काय आहे ते सांगतो. आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. लहानपणी असले खेळ सगळेच खेळतात. तेव्हा फक्त नियमांचं जाडजूड पुस्तक नसतं, म्हणून भांडणं लवकर मिटतात.

रंजिताला इथे जयश्रीने आणलं. दोघी शहापुरातल्या एकाच लॅबमध्ये कामाला, रक्त-लघवी तपासायला. रंजिता धसईच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतली, आदिवासी, बीएस्सी झालेली, आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच रविवारी तिने फासा हातात खुळखुळवला आणि विचारलं, "मंग, कधी सुरू करायचा?"

तो रविवार गेला, पुढचेही कैक गेले, खेळ काही सुरू होईना. कारण दिनेश सर. सर मुरबाडला कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे आणि ब्रॅमहोल्डच्या दुसऱ्या आवृत्तीचे कट्टर होते.

"अजय, तुझी पहिली आवृत्ती म्हणजे शुद्ध सरंजामशाही आहे."

"आणि सर, तुमची दुसरी म्हणजे बालवाडीचं गॅदरिंग. कुणी मरतच नाही त्यात!"

यात अजयचं खोटं नव्हतं. पहिल्या आवृत्तीत खड्ड्यात पडलं की पात्र मरतं. दुसरीत खड्ड्यात पडलं की पात्र मनातून खचतं आणि बाकीच्यांनी त्याची समजूत काढायची. मुरबाड-शहापूर रस्त्याने मोटरसायकलवर येणाऱ्या सरांना हे दुसरंच वास्तवाला धरून वाटे.

शेवटी जयश्रीच वैतागली. "एकच मोहीम दोन्ही आवृत्त्यांत खेळून बघा. जेवणाआधी याची, जेवल्यावर सरांची. आणि काय तो निकाल लावा. नायतर पुढच्या रविवारपासून मी घरी कपडे धुते."

तसं ठरलं. सकाळी अजय मास्टर झाला. जयश्रीने पुजारीण घेतली, सरांनी जादूगार. रंजिताने पुस्तक चाळता चाळता एका चित्रावर बोट ठेवलं. बुटकी, काळीसावळी बाई, कमरेला कोयता, डोक्यावर मोळी.

"ही सेम माझ्या कमळआत्यासारखी दिसते. हीच घेते. नाव कमळ."

अजयने घसा खाकरला. "तो ब्रुंग आहे. ब्रुंग घेता येत नाही. म्हणजे... ते शत्रूपक्षातले."

"वाचा तरी."

अजयने वाचलं, पण आवाज जरा खाली आणून. "ब्रुंग. जंगलाच्या कडेला राहतात. चोरटे आणि आळशी. बुद्धी वीसपैकी सातच्या वर जात नाही. मारल्यास पंधरा गुण."

दिनेश सरांनी वेदनेने डोळे मिटले, म्हणजे इतरांना दिसतील असे मिटले.

"रानडुकराला किती?" रंजिताने विचारलं.

"वीस."

"डुकरापेक्षा पाच कमी?"

"रंजिता," सर म्हणाले, "आपल्या सगळ्यांच्या वतीने मी..."

"थांबा ओ सर. आधी खेळू द्या."

अजयने नाइलाजाने ब्रुंग दिला. मोहीम होती राजाच्या खजिन्याची. लढत, धडपडत तिघं तळघरापर्यंत पोचले, आणि तिथे उंबऱ्यावर मंत्र होता: कोणतीही व्यक्ती हा उंबरा ओलांडू शकणार नाही. सरांच्या जादूगाराने पाऊल टाकलं आणि त्याची राख झाली. जयश्रीची पुजारीण मागच्या मागे पळाली. अजय खूश होता. पहिल्या आवृत्तीचा दरारा म्हणतात तो हाच.

"अजयदादा, नियम म्हंजे नियम ना?"

"अर्थात."

"मंग ब्रुंग व्यक्तीत धरलाय का जनावरात?"

अजयने पानं उलटली, मागे गेला, पुढे आला, कानशिलं लाल झाली. "जनावरांच्या यादीत," तो पुटपुटला.

"कमळ आत जाते," रंजिता म्हणाली. आत गेली, खजिना मोळीत बांधला आणि बाहेर आली. जयश्री इतकी हसली की तिला ठसका लागला. रंजिताच्या मात्र छातीत धडधडत होतं. इतकी मजा तिला कित्येक दिवसांत आली नव्हती.

जेवणं झाली. सर मास्टर झाले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "आता बघ. इथे ब्रुंग सन्मानाने घेता येतो." त्यांनी वाचायला घेतलं. "ब्रुंग ही निसर्गाची लेकरं. ते झाडांशी बोलतात. मनाने निर्मळ, त्यांना खोटं बोलताच येत नाही. मात्र शहराच्या वेशीत शिरल्यास किंवा पायात पादत्राण घातल्यास त्यांची शक्ती नाहीशी होते."

रंजिताने टेबलाखाली आपल्या सँडलकडे बघितलं. "मंग सर, कमळने कॉलेज कुठं करायचं?"

"अगं, ते प्रतीकात्मक आहे. तुमच्याकडे निसर्गाशी जे एक आदिम नातं असतं ना..."

"माझं नातं सध्या लोकांच्या लघवीशी हाय, सर."

सर हसले, पण वहीत लिहून घ्यावं तसे गंभीरपणे. मोहीम तीच. किल्ल्याच्या वेशीबाहेर पहारेकऱ्यांनी तिघांना अडवलं.

"कमळला खोटं बोलताच येत नाय?" रंजिताने पुन्हा विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"नियमच आहे तसा. तोच तर तिचा मोठेपणा."

"मंग ती पहारेकऱ्यांना सांगते, हा किल्ला माझा हाय. तुमी सगळे माझे नोकर. दार उघडा."

"असं नाही म्हणता येणार."

"का? आताच म्हटलं मी."

"पण ते खोटं आहे!"

"ब्रुंगला खोटं बोलताच येत नाय. म्हंजे खरं हाय."

अजयने हात वर केला. दुसऱ्या आवृत्तीच्या बाजूने तो जन्मात पहिल्यांदा बोलला. "सर, लॉजिकली बरोबर आहे तिचं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "रंजिता, खेळाला एक भावना असते. ती समजून घ्यायला हवी."

"म्हंजे मी नियम मोडला का भावना?"

यावर चहा मागवायचं ठरलं. मागवायला अजय आणि सर दोघंही खाली गेले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. आले तेव्हा सरांचा हात अजयच्या खांद्यावर होता. एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे एका दुपारीत भाऊ झाले होते.

"आम्ही चर्चा केली," सर म्हणाले. "दोन्ही आवृत्त्यांत त्रुटी आहेत. यापुढे तिसरी खेळू."

"तिसरीत ब्रुंग कसे हायेत?"

सरांनी टॅबवर बोट सरकवलं. "कुणाच्याही भावना दुखावू नयेत म्हणून या आवृत्तीतून ब्रुंग वगळण्यात आले आहेत."

"गेले कुठं?"

"गेले नाहीत गं. मुळात नव्हतेच असं धरायचं. लेखकांनी प्रस्तावनेत माफीसुद्धा मागितली आहे, फार सुंदर लिहिलंय."

"कोणाची मागितली? ते तर नव्हतेच म्हनता."

सरांनी टॅब टेबलावर पालथा ठेवला.

"आणि त्यांचं जंगल?"

"जंगल आहे ना!" अजय उत्साहाने म्हणाला. "मस्त आहे. आता तिथे राजाचं विश्रामगृह आहे."

आठवडाभर रंजिता लॅबमध्ये बाटल्या आपटत होती. पहिल्या आवृत्तीत निदान मारण्यापुरती तरी आपली दखल होती, पंधरा गुणांची का होईना; ही माफी मागणारी माणसं त्याच्याही वरताण निघाली, असं ती जयश्रीला म्हणाली. जयश्री म्हणाली, नको जाऊ. पण खजिन्याच्या उंबऱ्यावरची ती धडधड रंजिताला विसरवत नव्हती. आणि आपण गेलो नाही तर त्या दोघांना किती बरं वाटेल, हेही तिला कळत होतं. रविवारी ती सगळ्यांच्या आधी माळ्यावर हजर होती.

"मनुष्य घेते," ती म्हणाली. "नाव कमळ."

अजय आणि सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अजयने तिसऱ्या आवृत्तीचा नवाकोरा नकाशा टेबलावर पसरला आणि मास्टरचा आवाज लावला. "तुमच्यासमोर निर्मनुष्य अरण्य आहे. इथे आजवर कुणाचंही पाऊल पडलेलं नाही."

रंजिता नकाशावर वाकली. गर्द हिरव्या रंगातून एक बारीक तुटक रेघ वळणं घेत वर चढत होती.

"ही काय?"

"पायवाट."

"पाडली कोणी?"

"जनावरांनी असेल," सर घाईने म्हणाले.

"आणि ओढ्यावर या पायऱ्या काढल्यात दगडाच्या, त्या पण जनावरांनी केल्या?"

सरांनी अजयकडे बघितलं. अजयने पुस्तकात बघितलं, पुढे, मागे, सूचीत, शेवटच्या पानावरही. मग नकाशावरची ती रेघ अंगठ्याने घासून बघितली. जाईना.

"छपाईची चूक आहे," तो म्हणाला.

रंजिताने फासा उचलला. "बरं. मंग कमळ त्या चुकीवरनंच जाते," ती म्हणाली आणि फासा टाकला. तो घरंगळत जाऊन नकाशाच्या मधोमध थांबला. किती पडले ते बघायला जयश्री सगळ्यांच्या आधी वाकली.